मुंबईचा पहिला मोसम आणि दिल्लीसाठी वाजलेल्या टाळ्या

२६ मार्च २०२३ च्या रात्री ब्रेबॉर्न स्टेडियमवर महिला प्रीमियर लीगचा पहिला अंतिम सामना चालू होता. चार षटके शिल्लक असताना दिल्ली कॅपिटल्सची अवस्था ९ बाद ७९ अशी झाली होती आणि आमच्या स्टँडमधली निळ्या टोप्यांची गर्दी मुंबई इंडियन्सने चषक जिंकलाच, अशा समजुतीने नाचू लागली होती. त्यानंतर शिखा पांडे आणि राधा यादव या शेवटच्या जोडीने २४ चेंडूंत ५२ धावा काढल्या, दोघीही प्रत्येकी २७ धावांवर नाबाद राहिल्या आणि धावफलक १३१ वर जाऊन थांबला. आमच्या आजूबाजूला चिंतेची शांतता पसरलेली असताना माझी सत्तरीला टेकलेली आई मात्र उभी राहून टाळ्या वाजवत होती. मी तिला खाली बसण्याची खूण केली, तर ती म्हणाली, "अगं, राधा आपल्या कांदिवलीची ना? मग?"

तिच्या त्या "मग?" ला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. राधा कांदिवलीत वाढलेली आणि बडोद्याकडून खेळणारी, तर शिखा गोव्याच्या क्रिकेटमधून वर आलेली हवाई दलातली अधिकारी. मुंबईचा चषक लांबवू पाहणाऱ्या त्या दोघी आमच्याच किनाऱ्यावरच्या होत्या आणि मुंबईसाठी धावणाऱ्या मुली मात्र बार्बाडोस, न्यूझीलंड, इंग्लंड, पंजाब आणि कोलकाता येथून आलेल्या होत्या. प्रदेशाच्या नावाने उभा राहिलेला संघ नेमका कोणामुळे त्या प्रदेशाचा होतो, हा प्रश्न मला त्या संपूर्ण मोसमात पडत राहिला आणि म्हणूनच त्या तेवीस दिवसांविषयी सविस्तर लिहावे असे वाटते.

१३ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईतच खेळाडूंचा लिलाव झाला. प्रत्येक संघाला खर्च करण्यासाठी १२ कोटी रुपये होते. पहिलेच नाव सांगलीच्या स्मृती मानधनाचे पुकारले गेले. मुंबईने तिच्यासाठी बोली लावली, परंतु ३ कोटी ४० लाखांना ती बंगळूरुकडे गेली आणि ही त्या लिलावातली सर्वांत मोठी रक्कम ठरली. वांद्र्याच्या जेमिमा रॉड्रिग्जला २ कोटी २० लाखांना दिल्लीने घेतले, पुण्याची देविका वैद्य, सोलापूर जिल्ह्यातली किरण नवगिरे आणि धारावीची सिमरन शेख उत्तर प्रदेशच्या संघात गेल्या. मुंबईच्या वाट्याला कर्णधार म्हणून पंजाबातल्या मोग्याची हरमनप्रीत कौर १ कोटी ८० लाखांना आली आणि तिच्याहून अधिक, म्हणजे ३ कोटी २० लाख रुपये, इंग्लंडच्या नॅट सिव्हर-ब्रंटसाठी मोजले गेले. मुंबईच्या क्रिकेटमधून आलेली हुमैरा काझी संघात होती, परंतु तिच्यासारख्या स्थानिक मुली अगदी थोड्या होत्या. त्या दिवशी मला वाईट वाटले होते, हे मी मोकळेपणाने सांगते. आपल्या मुली आपल्या शहराच्या मैदानावर दुसऱ्या शहरांचे रंग लेवून खेळणार, ही कल्पनाच मला रुचली नव्हती.

खेळाच्या बाजूने पाहिले, तर ती निवड विचारपूर्वक केलेली होती. मुख्य प्रशिक्षक शार्लट एडवर्ड्स, गोलंदाजीसाठी झूलन गोस्वामी आणि फलंदाजीसाठी देविका पळशीकर यांनी अशा खेळाडू गोळा केल्या, की ज्यांपैकी निम्म्याहून अधिक जणी फलंदाजी आणि गोलंदाजी दोन्ही करू शकत होत्या. हेली मॅथ्यूज ही वेस्ट इंडीजची कर्णधार केवळ ४० लाख रुपयांच्या मूळ किमतीला मिळाली आणि मोसमाच्या अखेरीस २७१ धावा आणि १६ बळी घेऊन तीच स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली. अशा संघात एखादीचा दिवस वाईट गेला तरी तिची जागा भरून काढणारी दुसरी हाताशी असते आणि मुंबईच्या पहिल्या पाच सामन्यांत हे पुन्हा पुन्हा दिसले.

४ मार्चच्या सलामीच्या सामन्याला आम्ही दोघी ठाण्याहून नेरूळच्या गाडीने गेलो. महिलांना आणि मुलींना प्रवेश विनामूल्य होता, त्यामुळे त्या गाडीच्या महिलांच्या डब्यात मी त्या संध्याकाळी जे पाहिले, ते पूर्वी कधी पाहिले नव्हते. क्लासचे दप्तर पाठीवर असलेल्या मुली, लहान मुलींना घेऊन निघालेल्या आया आणि कामावरून परस्पर आलेल्या बायका, अशा सगळ्याजणी डी. वाय. पाटील स्टेडियमकडे चालल्या होत्या. क्रिकेट पाहायला जाणे म्हणजे घरातल्या पुरुषांबरोबर जाणे, असेच आमच्या पिढीने धरून ठेवले होते. त्या दिवशी स्टँडमध्ये बायकांच्या आवाजात उठलेला जल्लोष कानांना इतका नवा होता, की पहिली काही षटके मी मैदानाऐवजी स्टँडकडेच पाहत होते.

मैदानावर हरमनप्रीत खेळत होती. नऊच दिवसांपूर्वी केपटाऊनमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ५२ धावांवर असताना तिची बॅट जमिनीत अडकली होती, ती धावचीत झाली होती आणि भारत ऑस्ट्रेलियाकडून ५ धावांनी हरला होता. ते दुःख उरात घेऊन आलेली ही कर्णधार नेरूळला ३० चेंडूंत ६५ धावा करून गेली, त्यात १४ चौकार होते. मुंबईने २०७ धावा उभारल्या आणि गुजरात जायंट्सचा डाव ६४ धावांत आटोपला. चार बळी घेतले ते कोलकात्याच्या पार्क सर्कस भागातून आलेल्या, दहा लाख रुपयांत संघात घेतलेल्या सायका इशाक या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने, आणि तेही अवघ्या ११ धावा देऊन. आमच्या मागच्या रांगेतल्या मुलींना सामना सुरू होताना तिचे नावही ठाऊक नव्हते, पण तिच्या तिसऱ्या बळीनंतर त्या "सायका, सायका" असा एकच घोष करत होत्या. लिलावाच्या दिवसापासून मनात धरलेली माझी तक्रार त्या घोषात थोडी सैल झाली.

पुढचे चार सामनेही मुंबईने जिंकले आणि बाद फेरीत जाणारा पहिला संघ होण्याचा मान मिळवला. त्यानंतरच्या दोन पराभवांबद्दल मात्र सांगितले पाहिजे, कारण मोसमाची खरी परीक्षा तेथे झाली. १८ मार्चला उत्तर प्रदेशविरुद्ध १२७ धावांत डाव संपला आणि सोफी एक्लस्टनने तीन चेंडू राखून षटकार मारत सामना नेला. दोन दिवसांनी दिल्लीने मुंबईला १०९ वर रोखले आणि ते लक्ष्य नऊ षटकांत गाठले. साखळी संपली तेव्हा मुंबई आणि दिल्ली दोघींचे सहा विजय होते, पण निव्वळ धावगतीच्या, म्हणजे धावा काढण्याचा आणि देण्याचा वेग यांतल्या फरकाच्या, जोरावर दिल्ली थेट अंतिम सामन्यात पोहोचली आणि मुंबईला आणखी एक सामना खेळावा लागला.

तो सामना २४ मार्चला पुन्हा नेरूळला झाला. सिव्हर-ब्रंटच्या नाबाद ७२ धावांमुळे मुंबईने १८२ धावा केल्या आणि उत्तर प्रदेशच्या बाजूने एकटी किरण नवगिरे झुंजत होती. ही सोलापूरकडची मुलगी नागालँडकडून खेळताना टी-ट्वेंटीच्या एका डावात नाबाद १६२ धावा काढून गेलेली. या लीगमधल्या तिच्या पहिल्याच सामन्यात बॅटवर प्रायोजकाचा शिक्का नसल्यामुळे तिने स्वतःच्या हाताने धोनीच्या नावाची आद्याक्षरे आणि सात हा आकडा लिहिला होता. ती ४३ धावांवर असताना मुंबईच्या इसी वाँगच्या चेंडूवर झेलबाद झाली. पुढच्याच चेंडूवर धारावीची सिमरन शेख त्रिफळाचीत झाली आणि तिसऱ्या चेंडूवर एक्लस्टन. महिला प्रीमियर लीगमधली ती पहिली हॅट्ट्रिक होती. सारे स्टेडियम उसळले, मीही ओरडले, आणि तरीही पहिल्या दोन बळींना परत जाताना पाहून घशाशी काहीतरी अडकले. मुंबईच्या विजयाच्या सर्वांत मोठ्या क्षणी बाद झालेल्या दोघी महाराष्ट्राच्या लेकी होत्या आणि बाद करणारी मुलगी इंग्लंडची होती. दोन्ही भावना एकाच वेळी खऱ्या होत्या, एवढेच मी म्हणू शकते.

येथे आईची एक गोष्ट सांगायला हवी. १९७३ च्या एप्रिलमध्ये महिलांची पहिली आंतरराज्य क्रिकेट स्पर्धा पुण्यात झाली, तिच्यात मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे तीनच संघ होते. आई तेव्हा पुण्यातच राहत होती, उत्तम लंगडी आणि खो-खो खेळत होती आणि भावांच्या खेळात गडी कमी पडला तर गोलंदाजीही करत होती. आपल्याच शहरात मुलींचे तीन संघ उतरले आहेत, याचा तिला पत्ताही नव्हता. ते तिला माझ्याकडून कळले, तेव्हा ती आजी झाली होती. २०१३ साली महिला विश्वचषक मुंबईत आला, तेव्हाही वानखेडेवर ठरलेले सामने रणजी अंतिम सामन्यासाठी ब्रेबॉर्नला हलवण्यात आले होते. आपल्या दारात आलेला मुलींचा खेळ आपल्यापर्यंत पोहोचत नाही, हे आईने वर्षानुवर्षे अनुभवले होते. त्यामुळे संघ कोणता, रंग कोणता, याचा हिशेब ती माझ्यासारखा मांडत नव्हती. मैदानावर उतरलेली प्रत्येक मुलगी तिला स्वतःची वाटत होती.

माझे मत तिच्याइतके उदार नाही आणि ते मी बदललेलेही नाही. मुंबईच्या नावाने खेळणाऱ्या संघात आझाद मैदानावर, शिवाजी पार्कवर, पालघर आणि रायगडच्या शाळांत खेळणाऱ्या मुलींसाठी जागा राखलेली असली पाहिजे. आणि ही जागा राखीव खेळाडूंच्या बाकावर असून चालणार नाही, ती फलंदाजीच्या क्रमात असली पाहिजे. सायकाच्या नावाचा घोष करणाऱ्या मुलींपैकी एखादीला उद्या स्वतः तो अंगरखा घालावासा वाटला, तर ठाण्याहून किंवा डहाणूहून तिथवर नेणारी वाट तिला आजच दिसायला हवी.

अंतिम सामन्यात १३२ धावांचे लक्ष्य घेऊन मुंबई उतरली आणि सलामीच्या दोघी २३ धावांत परतल्या. त्याआधी दिल्लीच्या डावात मॅथ्यूजने चार षटकांत केवळ पाच धावा देऊन तीन बळी घेतले होते, आणि वाँगने फुलटॉस चेंडूंवर दिल्लीच्या शफाली वर्मा, अ‍ॅलिस कॅप्सी आणि आमच्या जेमिमाला बाद केले होते. एवढे सगळे वाया जाते की काय, असे वाटू लागले. हरमनप्रीत आणि सिव्हर-ब्रंट यांनी घाई न करता ७२ धावांची भागी केली. हरमनप्रीत ३७ धावांवर पुन्हा धावचीत झाली, तेव्हा केपटाऊनची आठवण होऊन आईने डोळे मिटून घेतले. या वेळी मात्र मागे उरलेल्या सिव्हर-ब्रंटने नाबाद ६० धावा करत, तीन चेंडू बाकी असताना चौकार मारून सामना जिंकून दिला. डगआऊटमधून धावत आलेल्या मुलींच्या घोळक्यात कोण कोणत्या देशाची, हे ओळखू येत नव्हते.

दादरला गाडी बदलून ठाणे गाठायचे होते, त्यामुळे मी निघायची घाई करत होते. दिल्लीच्या मुलींना उपविजेतेपदाची पदके देऊन होईपर्यंत आई जागची हलली नाही.