खोटा काडू

मालवणजवळ देवबागला पोचलो की माझी बॅग आधी काका उघडतात. या खेपेला चॉकलेटं बाजूला सारून त्यांनी फ्लायची, म्हणजे गरीवर बांधलेल्या खोट्या आमिषांची, डबी काढली आणि लाल शेनीलचा (मऊ, केसाळ दोऱ्याचा) दोन इंची काडू, म्हणजे गांडुळासारखा किडा, चिमटीत धरला. "पाण्यात खरे काडू आसताना खोटो कित्याक? मासो काय आंधळो आसा?"

लागलं मला ते. छोट्या शिकंज्यात गरी पकडायची, शेनील बांधायचं, त्याचं टोक लायटरने जरासं वितळवून निमुळतं करायचं. डोक्याशी काळपट फोम, म्हणजे तो तरंगतो आणि ओढला की पाण्यावर रेघ उमटते. पहिल्या काडूला माझा अख्खा रविवार गेला होता.

आम्ही अमेरिकेत ऱ्होड आयलंडला निनिग्रेट पाँडवर मासे धरायला जातो. नावाला पाँड, पाणी आपल्या खाडीसारखं खारं, समुद्राला वाट असलेलं. मे-जूनमध्ये, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, तिन्हीसांजेला चिखलातले काडू अंडी सोडायला वर येतात आणि गरगरत पोहतात. अंडी सोडली की मरतात. खाली स्ट्राइप्ड बास मासे नुसते तोंड उघडून असतात. इतक्या खऱ्या काडूंत आपला खोटा त्यांना दिसावा कसा? म्हणजे काकांचाच प्रश्न! मी तासन् तास गरी टाकलीय, शेजारी मासे उसळतायत आणि माझ्या काडूकडे कोणी ढुंकून बघत नाही. तिथले जुने लोक सांगतात, किंचित मोठा बांध आणि रेघ उठू दे. तेही चंद्र बघून निघतात, पण कालनिर्णय फक्त माझ्याकडे आहे. ते मला विचारतात, हे मी काकांना दोनदा सांगितलं.

एवढं करून मासा २८ ते ३१ इंचांमधला नसेल तर सोडून द्यायचा. माझा ३३ इंची निघाला होता. घरी सांगितलेलं नाही. (नियम आपल्याकडेही आहेत, जून-जुलैत ट्रॉलर बंदच असतात. पण मोठा मासा सोडायचा म्हटलं तर आई मला जेवायला वाढणार नाही.)

दुसऱ्या दिवशी भरतीला आम्ही कर्ली नदीच्या काठावर गेलो. काकांनी माझा काडू त्यांच्या जाड दोरीला बांधला आणि मला कळायच्या आत गरीला कोळंबीचा तुकडाही ओवला. वीसेक मिनिटांत तांबोशी मासा लागला.

तो काडूला लागला की कोळंबीला, यावर अजून दर रविवारी फोनवर भांडण चालू आहे.