दाबाचा रकाना

शस्त्रक्रियेच्या चिमट्याच्या टोकाशी इलेक्ट्रोड बसवायचे आणि पकडीत आलेली ऊती कोणती, हे तिच्या विद्युतरोधावरून ओळखायचं, असं आमचं काम चालू होतं. चरबीतून वीज जेमतेम वाहते, स्नायूतून बरी, रक्तातून त्याहून चांगली. तसे तक्ते तयार मिळतात. पण चिमटा म्हटला की दाब आला, आणि त्या तक्त्यांत दाबाचा रकानाच नसतो.

म्हणून त्या दिवशी डुकराच्या ताज्या प्लीहेची चकती दोन सपाट जबड्यांत धरली आणि स्क्रू हळूहळू आवळत गेलो. जबड्यांमधलं अंतर घटलं की रोध उतरणार, हे तर शाळेतलं सूत्र. आधी उतरलाही. मग एका जागी अडला, आणि चकती निम्म्याहून पातळ झाल्यावर चक्क चढायला लागला.

"मॅडम, इलेक्ट्रोड सुटला असणार," सहकारी म्हणाला. शंका रास्त होती. पण आमची रचना चार इलेक्ट्रोडची. करंट सोडणारी जोडी वेगळी, व्होल्टेज मोजणारी वेगळी, त्यामुळे संपर्कातला रोध मोजणीत जवळजवळ येतच नाही. शिवाय दाबल्याने संपर्क सुधारतो. तरी जबडे मिठाच्या पाण्यात बुडवून पाहिले. रीडिंग ठरल्याप्रमाणे आलं.

मग नजर चकतीच्या कडेकडे गेली. तिथे लालसर पाण्याचे बारीक थेंब जमले होते. टिपकागदाने टिपले, तर पुन्हा पाझरले. चकती काढून वजन केलं, ते घटलेलं होतं.

कमी फ्रिक्वेन्सीचा करंट पेशीत शिरत नाही. पेशीचं पटल म्हणजे कॅपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा आणि कमी फ्रिक्वेन्सीचा करंट अडवणारा घटक. भौतिकशास्त्रज्ञ ह्यूगो फ्रिके यांनी १९२५ मध्ये रक्तपेशींवर मोजलेली त्याची धारिता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक मायक्रोफॅरड भरते. म्हणून हा करंट पेशींच्या मधल्या द्रवातूनच वाट काढतो, आणि आम्ही नेमका तोच द्रव पिळून काढत होतो. हे खरं असेल, तर जास्त फ्रिक्वेन्सीला फरक कमी दिसायला हवा, कारण तिथे करंट पटल ओलांडून पेशीच्या आतूनही जातो. नवी चकती घेतली आणि प्रत्येक जाडीला १ किलोहर्ट्झ व १ मेगाहर्ट्झ अशी दोन्ही मोजमापं घेतली. जाडीचा हिशेब वजा करून आलेख काढले. खालच्या फ्रिक्वेन्सीची रेघ झपाट्याने वर गेली, वरचीचा चढ अगदी सौम्य. तो आलेख पाहून मला झालेला आनंद शब्दांत सांगणं कठीण आहे.

दुपारनंतर स्क्रू एका जागी ठेवून नुसतं पाहत बसलो. जाडी तीच, पण जबड्यावरचं बल हळूहळू ओसरत गेलं आणि रोध मात्र चढतच राहिला. द्रव एका झटक्यात निघत नाही, त्याला वेळ लागतो. आतड्याला स्टेपलर (पिना मारून ऊती जोडणारं उपकरण) लावताना सर्जन जबडे मिटून थोडं थांबतात, ते याच कारणासाठी. स्क्रू सैल केल्यावर चकती काहीशी फुगली, पण रोध मूळ जागी परतला नाही. जिवंत प्लीहेत रक्तप्रवाह चालू असतो, तो ही तूट भरून काढू शकतो. म्हणून कापलेल्या चकतीवरचे आकडे तसेच्या तसे चिमट्यात भरणं मला मान्य नाही.

आमच्या नोंदवहीत रोधाशेजारी आता दाब, जाडी आणि दाबल्यापासूनचा वेळ हे रकाने आहेत. ते रिकामे असतील, तर ते रीडिंग मी विश्लेषणात घेत नाही.