रस्ता कुणी खुरपतं का?

लांबलचक, कष्टाच्या कामासाठी वापरायचा एक इंग्रजी वाक्प्रचार नेमका कसा लिहायचा, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. सांगलीत मी पोरांचे इंग्रजी अर्ज तपासून देतो. बाहेरच्या विद्यापीठांसाठी आत्मनिवेदन लिहिणारी मुलं-मुली एक प्रश्न हमखास विचारतात: ‘अ टफ रोड टु हो’ बरोबर, की ‘अ टफ रो टु हो’?

रो. रोड नव्हे. ‘हो’ म्हणजे लांब दांड्याचं, उभ्यानं तण काढायचं अवजार, क्रियापदही तेच. ‘रो’ म्हणजे पिकाची ओळ. अमेरिकेत मक्याच्या, कापसाच्या ओळी अशा हातानं साफ व्हायच्या, तिथलाच हा वाक्प्रचार. 1830च्या दशकात तो छापून आलेला सापडतो, तेव्हा ‘हार्ड रो’ असा. आजही टफ, हार्ड, लाँग, काहीही चालतं.

मग रोड कुठून घुसला? एक तर ‘टफ रोड अहेड’ हा प्रयोग बरोबरच आहे, त्याची याच्यात सरमिसळ होते. दुसरं, भरभर बोलताना ‘रो टु’ आणि ‘रोड टु’ यांतला फरक कानाला कळतच नाही. ज्यानं शेतात कधी तण काढलं नाही, त्याला रस्ता खुरपायला काही वाटत नाही. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांतही हा रोड छापून येतो.

वाळवा-तासगावकडच्या मुलांना मात्र हे एका वाक्यात कळतं. भांगलणीला, म्हणजे तण काढायला, बायका ओळीनं बसल्या की प्रत्येकीच्या वाट्याला एक पात, म्हणजे पिकाची एक ओळ, येते. एकीच्या पातीत माती भुसभुशीत, शेजारणीच्या पातीत हराळी आणि लव्हाळा. हराळी वरनं ओरबाडून भागत नाही, कांडी राहिली की पंधरवड्यात पुन्हा हिरवीगार. लव्हाळ्याच्या गाठी तर त्याहून चिवट. तरी ती पात तिचीच, पार बांधापर्यंत तिनंच न्यायची. टफ रो म्हणजे ती हराळीची पात.

हे डोळ्यांपुढं असलं की कुठं वापरायचं तेही आपोआप ठरतं. द्राक्षबागेवर गारपीट झाली, हा टफ रो नव्हे. ते संकट, घडलं आणि गेलं. पण कर्जाचे हप्ते फेडत तीच बाग पुन्हा उभी करायची, हा टफ रो. काम लांबलचक हवं, कष्टाचं हवं आणि ज्याचं त्यालाच निस्तरावं लागणारं हवं. परवाचा पेपर अवघड गेला, एवढ्यासाठी हा वाक्प्रचार खर्च करू नये.

शोधनिबंधात तर नकोच, तिथं सरळ ‘डिफिकल्ट टास्क’ लिहावं. आत्मनिवेदनात एकदा आला तर शोभतो. मात्र त्याच वाक्यात पुढं शिखर गाठायला निघू नका. शेतातनं एकदम डोंगरावर, अशी वाक्यं मी दर हंगामात खोडतो.

आणि ‘हो’चं स्पेलिंग बघा: एच, ओ, ई. शेवटचा ई गळाला तर अमेरिकन बोलीत ती बाईला दिलेली शिवी होते, आणि संगणकाचा स्पेलचेक ती पकडेलच असं नाही. अर्ज पाठवण्याआधी तेवढं अक्षर स्वतःच्या डोळ्यांनी तपासा.