हरवलेली वस्तू आणि अनोळखी माणसं

घरात कुणी काही विसरून आलं की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक म्हणजे 'लक्ष कुठे असतं तुझं' आणि दुसरं 'आता कसली मिळतेय, गेली ती'. मला ही दोन्ही पटत नाहीत. पहिल्यात विसरणाऱ्यावर अन्याय होतो आणि दुसऱ्यात ज्यांना आपण कधी बघितलंही नाही अशा माणसांवर.

आधी विसरण्याबद्दल. एटीएमचं घ्या. सुरुवातीला बऱ्याच मशीनमधून आधी पैसे यायचे आणि नंतर कार्ड, आणि लोक पैसे घेऊन सरळ निघून जायचे, कार्ड तिथेच. कारण माणूस आलेला असतो पैशासाठी, ते हातात पडले की डोक्याच्या हिशोबाने काम झालं, मागे उरलेली ती शेवटची छोटी पायरी कोण लक्षात ठेवणार? मग क्रम उलटा केला, आधी कार्ड घ्या मग पैसे, आणि कार्ड मागे राहणं कमी झालं. माणसं काही एका रात्रीत हुशार झाली नव्हती, फक्त क्रम बदलला होता. छत्रीचंही तसंच, पाऊस चालू असताना ती कुणी विसरत नाही, विसरली जाते पाऊस थांबल्यावर, कारण आठवण करून देणारा पाऊसच गेलेला असतो. म्हणून 'तुला काळजीच नाही' असं कुणाला बोलण्याआधी जरा थांबावं असं मला मनापासून वाटतं, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना, ती आधीच आतून घाबरलेली असतात.

माझ्या बहिणीचं ओरिजिनल सर्टिफिकेट असंच झेरॉक्स मशीनच्या झाकणाखाली राहिलं. कॉप्या हातात आल्या, काम झालं, निघाली. नंतर आलेल्या एका बाईंनी झाकण उचललं तर आत हे. नशीब की सोबत भरलेला फॉर्म पण राहिला होता आणि त्यावर नंबर होता. त्यांनी फोन केले, बहिणीने अनोळखी नंबर म्हणून उचलले नाहीत, मग त्यांनी सर्टिफिकेटचा फोटो पाठवला तेव्हा कुठे हिच्या लक्षात आलं. हिने घाईघाईने फोन लावला तर त्या बाईंचा पहिला प्रश्न काय, 'तुमचा इंटरव्ह्यू होऊन तर नाही ना गेला?' म्हणजे इतका वेळ त्या फॉर्म वाचून हिच्या इंटरव्ह्यूची काळजी करत बसल्या होत्या. ओळख ना पाळख.

हा एखादाच चांगला अनुभव म्हणून सोडून देता आला असता, पण २०१९ मध्ये 'सायन्स' या जर्नलमध्ये एक मोठा प्रयोग छापून आला होता तो मला फार महत्त्वाचा वाटतो. ४० देशांतली ३५५ शहरं, १७ हजारांहून जास्त पाकिटं. बँका, हॉटेलं, पोस्ट ऑफिसं, थिएटर अशा ठिकाणी काउंटरवर जाऊन सांगायचं की हे रस्त्यावर सापडलं, मी घाईत आहे, तुम्ही बघा. मग किती जण मालकाला कळवतात ते मोजायचं. काही पाकिटांत पैसे, काहींत नाही. इतर लोकांना विचारलं तर त्यांचा अंदाज होता की पैसे जास्त तितकं पाकीट परत येण्याची शक्यता कमी. झालं उलटं! पैसे नसलेल्या पाकिटांपैकी साधारण ४० टक्क्यांबद्दल कळवलं गेलं, पैसे असलेल्यांपैकी ५१ टक्क्यांबद्दल. तीन देशांत तर रक्कम बरीच वाढवून बघितली, तिथे आकडा ७२ टक्क्यांवर गेला.

मला त्यातली किल्लीची गोष्ट जास्त भिडली. पाकिटात एक किल्ली होती, ती सापडणाऱ्याच्या काहीच कामाची नाही, फक्त मालकाच्या. काही पाकिटांतून ती काढून टाकली तर कळवणारे कमी झाले. म्हणजे फक्त 'मी चोर ठरायला नको' एवढंच नसतं मनात, कुणीतरी दारात अडकून उभं असेल हे पण दिसत असतं. इंटरव्ह्यूची काळजी करणाऱ्या बाई हेच करत होत्या ना.

सगळं परत येतं असं अजिबात नाही, वरच्याच आकड्यांत न कळवणारेही भरपूर आहेत आणि त्यातल्या काहींनी मुद्दाम ठेवून घेतलंच असणार. पण कितीतरी वस्तू द्यायची इच्छा असूनही कुणाला द्यायची ते कळत नाही म्हणून पडून राहत असतील असं मला वाटतं. साधी काळी बॅग, आत नाव नाही, नंबर नाही, सापडलेल्या भल्या माणसाने करायचं तरी काय?

तेव्हा बॅगेत, पाकिटात, चष्म्याच्या केसमध्ये एक चिठ्ठी टाका, घरातल्या म्हाताऱ्यांच्या सामानात तर आजच टाका, पत्ता नको, नाव आणि नंबर पुरे. फोनच्या लॉक स्क्रीनवर पण नंबर दिसू द्या, आणि तो स्वतःचा नको, घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी, नाहीतर तो सापडलेला फोनच त्या बिचाऱ्याच्या हातात वाजत राहील.