टेस्ट झिरो होती, मग मासा मेला कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हा प्रश्न फोनवर जवळपास याच शब्दांत येतो: "दादा, अमोनिया झिरो, नायट्राइट झिरो, परवापर्यंत कोळंबी खात होता. सकाळी बघतो तर कडा वर वळलेल्या, आणि गेला." गोड्या पाण्यातले स्टिंग रे, म्हणजे आपल्या पाकटाचे दक्षिण अमेरिकेतले नातेवाईक, पाळणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या वळलेल्या कडा कधी ना कधी पाहिलेल्या असतात.

माझी मोटोरोही (याच रेंमधली एक जात) अशीच गेली. पुण्यात, मे महिन्यात. त्या दोन-अडीच महिन्यांत वडिलांचं दवाखान्यातलं येणं-जाणं चालू होतं. घरचे तिला खायला घालत होते, पण पाणी कोणी बदललं नव्हतं. मी टाकीकडे नीट पाहिलं तेव्हा पाणी चहाच्या रंगाचं झालेलं, आणि ती मात्र मजेत. अपराधी वाटलं. त्याच दिवशी सत्तर टक्के पाणी बदललं. नळाला पाणी नव्हतं, सोसायटीत बोअरचा टँकर आला होता, तेच भरलं. सवयीने हायपोही, म्हणजे नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारायचं औषध, टाकलं. रात्री ती कोपऱ्यात धापा टाकत होती, पहाटे संपली.

दुसऱ्या दिवशी टेस्ट केली. नायट्राइट शून्य, अमोनिया दोनच्या थोडा वर. म्हटलं, मेलेल्या माशाचाच असणार. प्रकरण तिथंच मिटलं असतं, पण काढलेल्या पाण्याची एक बादली कुंड्यांसाठी बाल्कनीत ठेवली होती. सहज त्यातलं पाणी तपासलं. पीएचची नळी किटमधल्या सगळ्यात खालच्या, सहाच्या पिवळ्यावर. अमोनियाची नळी गडद हिरवी, आठ पीपीएम, म्हणजे लिटरला आठ मिलिग्रॅम.

म्हणजे ती आठ पीपीएम अमोनियात मजेत जगत होती, आणि अडीचमध्ये मेली.

गणित सोपं आहे, फक्त उलटं वाटतं. किट दाखवतं तो एकूण अमोनिया. त्यातला बराचसा अमोनियम असतो, तो फारसा बाधत नाही. विषारी तो सुटा अमोनिया, आणि त्याचं प्रमाण पीएच ठरवतो. सहा पीएचला, आपल्याकडच्या उन्हाळी तापमानात, तो एकूणाच्या एक दशांश टक्काही नसतो. बोअरच्या पाण्याने टाकी पावणेआठवर नेली, तिथे तो चार टक्क्यांच्या आसपास जातो. जुन्या पाण्यातलं विष दर लिटरला ०.००५ मिलिग्रॅमच्या जवळपास होतं. सत्तर टक्के पाणी काढूनही मी ते वीसेक पट वाढवलं. वर एका तासात पीएच पावणेदोन अंकांनी उडवला, तो धक्का वेगळा.

पीएच इतका उतरला कसा? फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना पाण्यातली क्षारता, म्हणजे पीएच सावरून धरणारे क्षार, खात जातात. खडकवासल्याचं मऊ पाणी, त्यात क्षारता आधीच बेताची. ती संपली की पीएच घसरतो, घसरला की जिवाणूच मंदावतात आणि अमोनिया साचू लागतो. जुन्या, 'सेट झालेल्या' टाकीतच हे होतं, म्हणून कोणाला संशय येत नाही.

आणि हा प्राणी अमोनिया ओततोही भरपूर. समुद्रातलं पाकट किंवा मुशी शिळी झाली की अमोनियाचा भपकारा येतो, हे बाजारात जाणाऱ्याला सांगायला नको. तो त्यांच्या अंगातल्या युरियाचा. खाऱ्या पाण्यात टिकायला ते युरिया साठवून ठेवतात. ॲमेझॉन, ओरिनोकोच्या खोऱ्यांतल्या या कुळाने ती सवय पार सोडली. थॉमस थॉर्सन आणि सहकाऱ्यांनी १९६७ साली दाखवलं की यांच्या अंगात युरिया जवळजवळ नसतोच, आणि थॉर्सननी १९७० साली दाखवलं की खारट पाण्यात ठेवलं तरी त्यांना तो साठवता येत नाही. कचरा अमोनिया होऊन मुख्यतः कल्ल्यांतून थेट टाकीत येतो. तेव्हा "रे मूळचा समुद्राचा, टाका मूठभर खडे मीठ" म्हणणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करून निघा.

सगळेच असे मरत नाहीत. एका ओळखीच्यांकडे झुरळांची फवारणी झाली होती. टाकी चादरीने झाकली, पण एअर पंप चालूच, आणि तो खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. अशा फवाऱ्यांत बहुधा असणारी पायरेथ्रॉइड माशांना अतिशय घातक. दुसरीकडे रात्रभर वीज गेली. बंद पडलेल्या कॅनिस्टरमध्ये, म्हणजे टाकीबाहेरच्या डबाबंद फिल्टरमध्ये, पाणी सडलं, वीज आल्यावर ते सगळं टाकीत आलं. पांढऱ्या ठिपक्यांवरच्या औषधातलं तांबं हे आणखी एक. यातलं काहीही तुमच्या सहा बाटल्यांच्या किटमध्ये दिसत नाही. तुम्ही विचारलं अमोनियाचं, किटने उत्तर दिलं अमोनियाचं.

तुमच्या रेचं काय झालं, ते फोनवरून कसं सांगू? पण कोणीही विचारलं की मी आधी एवढंच विचारतो: शेवटचं पाणी कधी बदललंत, कुठलं भरलंत, आणि काढलेलं थोडं कुठे उरलंय का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळतात. बादली मात्र बहुतेकांनी ओतून टाकलेली असते.