सेल्फ मारला आणि रॉड वाकला

ट्रकचा, ट्रॅक्टरचा कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा, वाकला की कोल्हापूरच्या उद्यमनगरात, आमच्या वर्कशॉपच्या गल्लीत येतो, आम्ही प्रेसवर घेऊन सरळ करतो, बुश बदलतो, बोअर मारतो, संध्याकाळी गिऱ्हाईक घेऊन जातं. रोजचं काम, यात सांगण्यासारखं काही नाही. फक्त बाहेरच्या माणसाला एक गोष्ट माहीत नसते, सरळ करणं सोपं असतं, तो खरंच सरळ झाला का हे मोजणं अवघड, आणि गल्लीतले निम्मे लोक मोजतच नाहीत, डोळ्यासमोर धरून एक डोळा मिटतात आणि बिल फाडतात.

तर मध्यंतरी एक रॉड आला. ऑईल पेपरात गुंडाळलेला, आणणारे एक सत्तरीचे काका आणि त्यांच्यासोबत पांढऱ्या शर्टातले मालक. कागद सोडला आणि मला कळेचना हा कशाचा. रॉडला एका बाजूला मोठं तोंड असतं, त्याला कॅप, दोन बोल्ट. याला दोन्हीकडं बंद डोळे, दोन्हीत ब्राँझ बुश, कॅपच नाही. मधला भाग आय सेक्शन आणि सगळीकडून मशीन करून पॉलिश केलेला, फोर्जिंगच्या साच्याची जोडरेघ नावाला दिसत नाही. असं पॉलिश शोभेसाठी कोण करत नाही, एक ओरखडा राहिला तर चीर तिथूनच सुरू होते म्हणून करतात. मग डोक्यात ट्यूब पेटली. म्हटलं काका, हा रेडिअलचा, म्हणजे गोलात सिलिंडर लावलेल्या विमानाच्या इंजिनाचा, लिंक रॉड का? काका पहिल्यांदा हसले.

आता मला विमानांचा नाद आहे हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. उजळाईवाडीचा आपला विमानतळ १९३९ पासूनचा, राजाराम महाराजांच्या काळातला, आता तिथं एटीआर हे पंख्याचं प्रवासी विमान येतं आणि ते डोक्यावरून गेलं की मी लेथ सोडून बाहेर येतो, पोरं हसतात. पण मला खरं वेड आहे ते जुन्या, पुढं गोल इंजिन आणि मागं शेपटीला बारकं चाक असलेल्या विमानांचं. हार्वर्ड, डकोटा. व्हिडिओतच बघितलेली सगळी. आणि त्यातल्या इंजिनाचा तुकडा आज माझ्या बेंचवर.

इंजिन हार्वर्डचंच निघालं, प्रॅट अँड व्हिटनी वास्प, आर-१३४०. पहिलं वास्प १९२५ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी तयार झालं, त्याच घराण्यातलं हे. नऊ सिलिंडर, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास पावणेसहा इंच आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची चालपण पावणेसहा इंच, एकूण २२ लिटर, ताकद ६०० हॉर्सपॉवर. आणि या नवांना मिळून क्रँकपिन, म्हणजे क्रँकवरची रॉड बसायची पिन, एकच. एक मास्टर रॉड त्या पिनवर बसतो, बाकीचे आठ लिंक रॉड त्या मास्टरच्या अंगावर गोल पिनांनी जोडलेले, म्हणून दोन्हीकडं बंद डोळे. फायरिंग एक सोडून एक, १-३-५-७-९-२-४-६-८. सिलिंडर विषम का, तर चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत हा हिशोब सम आकड्यानं नीट जुळतच नाही. हे मी पार्टनरला तीनदा समजावलं, त्यानं तीनदा मान हलवली आणि विचारलं, पण याचे पैसे किती लावायचे.

विमान उडायचं नव्हतं हे आधीच सांगतो. उडणाऱ्या विमानाचा पार्ट आम्ही हातात घेत नाही, त्याला डीजीसीएची, म्हणजे विमानांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याची, मान्यता लागते, प्रत्येक पार्टचा कागद लागतो, आमच्याकडं फक्त जीएसटीचा कागद आहे. हे इंजिन मालकांनी बाहेरून आणून ट्रॉलीवर बसवलेलं, कार्यक्रमात सुरू करून दाखवायला, पुढं दोन पात्यांचा खरा पंखा. काका एअरफोर्समधले रिटायर्ड इंजिन फिटर, डकोटावर काम केलेले. ट्रॉलीवर इंजिन नाक वर करून तिरकं बसवायचं हे त्यांनीच ठरवलं, कारण शेपटीच्या चाकावर विमान बसलं की नाक तसंच आभाळाकडं असतं. मोठा पंखा जमिनीला लागू नये, गवतावर खड्ड्यातून चालावं म्हणून पुढचे पाय लांब आणि मागं बारकं चाक, पण त्यामुळं पायलटला समोरचं काहीच दिसत नाही, धावपट्टीकडं जाताना डावीउजवीकडं वळत वळत जावं लागतं, आणि वजन मुख्य चाकांच्या मागं असल्यानं उतरताना जरा पाय चुकला की शेपूट पुढं यायला बघतं आणि विमान गर्रकन फिरतं. काका हे सांगताना हातानं दाखवत होते, चहा गार झाला.

रॉड वाकला कसा ते ऐका. रेडिअल बंद करून नुसतं ठेवलं की ऑईल खाली उतरतं, रिंगांमधून झिरपून खालच्या सिलिंडरमध्ये साठतं, यात ५ आणि ६ नंबर सगळ्यात खाली. कॉम्प्रेशन साधारण सहाला एक, म्हणजे एका सिलिंडरमध्ये पिस्टन वर आल्यावर जेमतेम अर्धा लिटर जागा उरते. तिथं त्याहून जास्त ऑईल असेल तर ते दबत नाही, पिस्टन अडतो. म्हणून सुरू करायच्या आधी स्विच बंद ठेवून पंखा हातानं फिरवायचा, चार पाती म्हणजे दोन फेऱ्या म्हणजे सगळे सिलिंडर एकदा, आणि काका त्याच्या दुप्पट-तिप्पट मोजायचे. हाताला अडलं की थांबायचं, खालचा प्लग काढून ऑईल सोडायचं. उलटं फिरवायचं नाही, उलटं फिरवलं की ऑईल उघड्या इनटेक व्हॉल्व्हमधून पाइपात जातं, तुम्हाला वाटतं सुटलं, आणि इंजिन सुरू झालं की तेच परत आत ओढलं जातं.

काका त्या दिवशी गावाला गेले होते. पाहुणे आले, कार्यक्रमवाल्या पोरांनी थेट सेल्फ मारला. एकदा अडलं, परत मारला. एका सिलिंडरनं फायर घेतला आणि खालचा पिस्टन ऑईलवर जाऊन आदळला. काकांनी नंतर पोटापर्यंत इंजिन उघडलं तेव्हा हा मिळाला. त्या पोरांचं काय चुकलं म्हणा, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. किल्ली ज्यांनी त्यांच्या हातात दिली त्यांना मात्र काका दोनदा सांगून बसले होते.

मी मन लावून मोजलं. सरफेस प्लेट पुसून घेतली, दोन्ही बुशांत बसतील असे मँड्रेल, म्हणजे गोल दांडे, ग्राइंड करून बनवले, सरकले पाहिजेत पण हलता कामा नये असे, एक मँड्रेल व्ही ब्लॉकवर आणि दुसऱ्याच्या दोन टोकांना डायल गेज. आधी वाक, मग रॉड आडवा पाडून पीळ. पीळ जवळपास नव्हता. वाक सोळा थाऊ, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. डोळ्याला काही म्हणजे काही दिसत नव्हतं, पार्टनर म्हणाला सरळच आहे की रे. काकांच्या जुन्या वहीत मर्यादा लिहिलेली होती, आम्ही तिच्या पार पलीकडं. मग चीर शोधायची डीपी टेस्ट, लाल डाय मारला, पुसला, पांढरा डेव्हलपर मारला. चीर नाही. आणि इथंच घोळ झाला, कारण चीर दिसली असती तर वादच मिटला असता.

मालक म्हणाले, "चीर नाही ना? मग द्या सरळ करून. ट्रकचे रोज करता की."

म्हटलं साहेब, हा करणार नाही. एकदा वाकून बसलेलं पोलाद थंडच उलटं दाबलं की आत ताण राहतो, वरून सरळ दिसतं पण...

"आता तार वाकवून दाखवू नका, मेस्त्री."

मी दाखवणारच होतो.

काका एवढंच बोलले, "साहेब, आमच्याकडं असा रॉड निघाला की आधी हॅकसॉनं दोन तुकडे करायचे, मग रजिस्टरला नोंद. म्हणजे कुणाच्या हाताला परत लागत नाही." आणि माझ्याकडं बघितलं. हॅकसॉ माझ्या मागच्या भिंतीवरच होता. पण वस्तू मालकांची, पावती त्यांच्या नावाची, मी कसा कापणार? कापायला हवा होता असं एक मन म्हणतं, आणि कापला असता तर उद्या दुसऱ्या कुणाचा क्रँक परवानगीशिवाय कापायला मी मोकळा का, असं दुसरं. मी लाल पेंट घेतला, रॉडवर फुली मारली, चलनावर 'वाकलेला, वापरू नये' लिहिलं आणि मोजमापाचेच पैसे घेतले.

पेंट थिनरनं निघतो हे मला काय माहीत नाही होय. तिसऱ्या गल्लीत गेला रॉड, सरळ होऊन आला. आपल्या कोल्हापुरात नमुना द्या आणि वस्तू घेऊन जा असा सगळा कारभार, म्हादबा मेस्त्री या इथल्या जुन्या नामांकित कारागिराच्या गोष्टी ऐकत आम्ही सगळे मोठे झालो, त्यामुळं एकानं नाही म्हटलं की दुसऱ्याला चेवच येतो.

इंजिन परत बांधलं, कार्यक्रम झाला, व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर आला. आवाज काय सांगू, आधी एकेक सिलिंडर खोकत धूर सोडतो आणि मग सगळे एका लयीत येतात, मी मोबाईल कानाला लावून ऐकला. पार्टनर म्हणाला, "बघ, चाललं की! तू उगंच गिऱ्हाईक घालवलंस." गल्लीतपण तेच मत झालंय.

मी हिशोब मांडून दाखवला. हजार आरपीएमवर दहा मिनिटं म्हणजे दहा हजार फेऱ्या, आणि पोलाद थकतं ते लाखांत आणि कोटीत मोजतात. दहा मिनिटं चाललं यानं काहीच सिद्ध होत नाही, ना त्यांचं ना माझं. कदाचित ट्रॉलीवर वर्षाला चार वेळा चालणारं इंजिन तेवढ्या फेऱ्यांना कधी पोचणारच नाही, हेही मला कळतं. पण पंख्यासमोर लोक मोबाईल काढून उभे होते ना. काकांना फोन केला तर ते म्हणाले, बांधायला मी नव्हतो, दुसरं कुणी आणलं. बाकी काही बोलले नाहीत, उलट दिल्लीकडं एअरफोर्सच्या जुनी विमानं सांभाळणाऱ्या व्हिंटेज फ्लाइटमधल्या परशुराम नावाच्या डकोटाचं विचारत बसले, २०१८ ला एअरफोर्सकडं परत आलेलं ते, नंबर व्हीपी ९०५, त्याची चौदा सिलिंडरची इंजिनं आता कोण बघत असेल म्हणून.

परवा त्याच मालकांचा मेसेज आला. एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह अडकायला लागलेत, दोन सिलिंडरचे ब्राँझ गाईड, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो त्या नळ्या, करून हवेत. असलं काम मला आयुष्यात परत मिळणार नाही. तरी मी लिहिलं, आधी तो रॉड बदला, नवीन कागदासकट मागवा, मग गाईड फुकटात करतो. त्याला उत्तर नाही. इकडं पार्टनरनं मला न विचारता गाईडचं कोटेशन पाठवूनपण टाकलंय, जीएसटी वेगळा लावून.