पंखा पाचवर आणि पटावर सैन्य

भुसावळला मे महिन्यात पंखा बंद करून कोणी बसत नाही. पारा ४५ च्या मागेपुढे, खिडकीत कूलर घरघरतोय, वर पंखा पाचवर. अशा खोलीत युद्धाचा बोर्ड गेम मांडायचा म्हटलं की पहिला प्रश्न डावपेचांचा नसतो, वाऱ्याचा असतो. युद्धखेळांची जुनी परंपरा पुठ्ठ्याच्या चौकोनी तुकड्यांची. प्रत्येक तुकडा म्हणजे एक पलटण, त्यावर तिची ताकद छापलेली. आमच्याकडे त्या पलटणी एका झुळकीत शत्रूच्या हद्दीत जाऊन पडायच्या. आम्ही प्लास्टिकच्या मिनिएचरवाल्या, म्हणजे छोट्या बाहुल्यांच्या खेळांकडे वळलो ते त्यांच्या देखणेपणाला भुलून नव्हे. ते जागेवर उभे राहतात, एवढंच कारण होतं.

मंडळी तशी जमलेलीच होती. वरणगावच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले आमचे एक काका, अमळनेरचा अहिराणी बोलणारा मित्र, जळगावात एका डाळ मिलचे हिशोब बघणारा दुसरा मित्र आणि शाळेत जाणारी माझी भाची. या चौघांना आणि मला एकाच टेबलाशी धरून ठेवेल असा खेळ शोधायचा होता. त्यात बरीच वर्षं गेली आणि पैसेही गेले, कारण यातले बहुतेक खेळ बाहेरून येतात आणि खोकं जड असल्यामुळे छापील किमतीवर भाडं, शुल्क, कर असं चढत जातं. विकत घेण्याआधी दुसऱ्या कोणाकडे तरी एकदा खेळून बघा, हा सल्ला मी आता सगळ्यांना देतो. खान्देशात तो पाळणं अवघड आहे हेही मला माहीत आहे.

सुरुवात रिस्कने झाली, जशी बहुतेकांची होते. १९५७ साली फ्रान्समध्ये निघालेला हा खेळ. तो रचणारा अल्बेर लामोरिस हा मुळात चित्रपट दिग्दर्शक. जगाचा नकाशा, ४२ प्रदेश, फासे टाका आणि शेजाऱ्याचा मुलूख घ्या. त्यात शिपाई म्हणजे एक, घोडेस्वार म्हणजे पाच आणि तोफ म्हणजे दहा. भाचीने पहिल्याच डावात विचारलं, "मामा, घोडा वेगळं काय करतो?" काहीच करत नाही. पाच शिपायांची गर्दी नको म्हणून त्याला उभा करायचा, म्हणजे खरं तर तो सुट्या पैशांऐवजी दिलेली नोट आहे. डाळ मिलवाला ऑस्ट्रेलिया धरून बसायचा, कारण तिथे शिरायला एकच वाट आणि दर फेरीला दोन सैनिक फुकट. ज्याचा पहिला निकाल लागेल तो उरलेली दुपार स्वयंपाकघरात कांदा चिरत काढणार. रिस्क आम्ही लवकरच कपाटावर ठेवला, पण भाचीचा प्रश्न मात्र राहिला. पुढे प्रत्येक नवं खोकं उघडलं की कोणीतरी विचारायचंच, हा सैनिक इथे काय करतो?

त्यानंतर अ‍ॅक्सिस अँड अलाइज. लॅरी हॅरिसचा हा खेळ पहिल्यांदा १९८१ मध्ये आला आणि १९८४ च्या प्लास्टिकच्या सैन्याच्या आवृत्तीने जगभर पोहोचला. दुसरं महायुद्ध, सगळं जग एका पटावर. काकांचा हा आवडता, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. इथे बाहुल्याच्या आकाराला अर्थ आहे. पायदळ हल्ल्यात फाशावर एक पडला तरच मारतं, बचावात मात्र एक किंवा दोन पडला तरी. बॉम्बर हल्ल्यात चारपर्यंत मारतो, बचावात फक्त एकवर. पायदळ स्वस्त, विमानं महाग. त्यामुळे पटावर नुसती नजर टाकली की कोण चढाई करायच्या विचारात आहे आणि कोण बसून राहणार आहे ते कळतं. हिंदुस्थान इंग्रजांकडे असतो आणि जपान खेळणाऱ्याचा डोळा नेमका तिथेच. आमच्या घरात त्यावरून जेवढं भांडण होतं तेवढं बर्लिनवरून होत नाही.

मग मला तो का नाही आवडत? गर्दीमुळे. युरोपातल्या एवढ्याशा प्रदेशात दोन्हीकडचं सैन्य मावत नाही, म्हणून सैनिकाखाली चकत्या ठेवायच्या, राखाडी चकती एकाची, लाल पाचाची. तिसऱ्या फेरीनंतर चकत्यांच्या मनोऱ्यावर एकुलता एक शिपाई डोलत असतो. त्याला धक्का लागला की बर्लिनमध्ये नक्की किती फौज होती यावर सर्वसाधारण सभा. शिवाय एक डाव म्हणजे आख्खा रविवार. काकांना वेळ आहे, बाकीच्यांना सोमवार आहे. आमचं यावर एकमत झालेलं नाही.

सगळ्यात मोठी निराशा टाइड ऑफ आयर्नने केली, कारण अपेक्षाही त्याच्याकडूनच सगळ्यात जास्त होती. २००७ चा खेळ, दुसऱ्या महायुद्धातल्या छोट्या तुकड्यांची लढाई. खोकं उचलतानाच माणूस खूश होतो. प्रत्येक तुकडीला एक बैठक, बैठकीला चार जागा, त्यात सैनिक खोचायचे. मशीनगन किंवा मॉर्टरवाले दोन जागा खातात. कागदावर वाचताना मला ही कल्पना फार आवडली होती, कारण इथे प्रत्येक बाहुलं खरंच काहीतरी करतं आणि आपली तुकडी आपणच जुळवतो. प्रत्यक्षात दुपारचा मोठा भाग खोचण्यात जातो. खोचा, मेला की उपटा, संपलं की पुन्हा वेगळे करून पिशव्यांत भरा. अमळनेरवाला एकदा शांतपणे सगळं बघत होता. मग म्हणाला, "भाऊ, हाई काय खेळ शे?" आणि भरीत झालं का बघायला उठून गेला. खेळाचे नियम वाईट नाहीत. गोळीबाराने शत्रूला मारायचं नसेल तर नुसतं दाबून धरायचं, जागचं हलू द्यायचं नाही, ही त्यातली सोय मी अजून इतर खेळांत शोधत असतो. पण पाच माणसांची मोकळी दुपार मुश्किलीने मिळते, ती खोचाखोचीत घालवायची माझी तयारी नाही.

वॉरहॅमर ४०,००० बद्दल थोडक्यात. १९८७ पासून चाललेला प्रकार, आणि भाचीच्या प्रश्नावर याचं उत्तर सगळ्यात चोख. बाहुलं जिथे उभं आहे तिथून टेपने अंतर मोजायचं, डोळा त्याच्या उंचीला नेऊन समोरचा दिसतो का ते बघायचं. म्हणजे बाहुलं हाच नियम. पण पट नाही, आख्खं टेबल लागतं. दोन्ही बाजूंच्या फौजा विकत घ्या, जोडा, रंगवा. आणि नियमांची नवी आवृत्ती बघावी तर २०१७, मग २०२०, मग २०२३. ज्याच्या गावात खेळणारी दहा-वीस माणसं आहेत त्याने जरूर करावं.

ब्लड रेज हा २०१५ चा, व्हायकिंग टोळ्यांचा. मोठाले राक्षस, सुबक योद्धे. खरा खेळ मात्र हातातल्या पत्त्यांचा, योद्ध्याचं बाहुलं फक्त ताकद दाखवतं. माझ्या मोजपट्टीने तो नापास व्हायला हवा. पण त्यात हरण्याचेही गुण मिळतात, असे पत्ते आहेत की लढाई मुद्दाम हरावी. डाळ मिलवाल्याला हे समजल्यापासून तो दुसरं काही खेळायला मागत नाही. चला, एक तरी खेळ त्याला सापडला.

आमच्या टेबलावर टिकला तो मेमॉयर ४४. रिचर्ड बोर्गने रचलेला, २००४ साली, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या फौजा फ्रान्समध्ये नॉर्मंडीला उतरल्या त्याला ६० वर्षं झाली तेव्हा आलेला. पट १३ बाय ९ षटकोनांचा, डावा, मधला, उजवा असे तीन भाग. हातातला पत्ता सांगतो की कोणत्या भागातल्या किती तुकड्या हलवायच्या. पायदळाच्या तुकडीत चार सैनिक, रणगाडे तीन, तोफा दोन. फासा लागला की एक बाहुलं उचलायचं. नोंद नाही, चकती नाही, तुकडी किती उरली ते डोळ्यांना दिसतं. आणि शेवटचं बाहुलं मारणाऱ्याच्या पदकांच्या जागेवर जाऊन उभं राहतं. तुमचा सैनिक समोरच्याचं पदक होतो. भाचीला हे इतकं लागलं की पहिल्या दिवशी तिने आपला शेवटचा शिपाई द्यायला नकार दिला.

काकांनी आक्षेप घेतला तो बरोबरच होता. तुकडीत एकटा शिपाई उरला तरी जवळच्या शत्रूवर तो तीनच फासे टाकतो, चौघे असताना टाकत होता तेवढेच. निर्माणीत आयुष्य काढलेल्या माणसाला हे पटणार कसं? मी म्हटलं, यामुळेच तर एकटा उरलेला शिपाई पटावरचा सगळ्यात महत्त्वाचा माणूस होतो. त्याला मागे घ्यायचं की झुंजवायचं, यात डावाची निम्मी मजा आहे. पत्त्यांचा राग मलाही येतो. उजवीकडे सगळं सैन्य दाटलेलं आणि हातात उजवीकडचा एकही पत्ता नाही, असं होतंच. पण लढाई तासाभरात आटोपते, मग बाजू बदलून तीच पुन्हा खेळायची आणि दोन्ही डावांतली पदकं एकत्र मोजून निकाल लावायचा. खेळात दिलेल्या पहिल्याच, पेगासस पुलाच्या लढाईत इंग्रजांचं पारडं जड आहे. बाजू बदलली की तक्रारीला जागा राहत नाही.

आता रंगकाम. मेमॉयरचे सैनिक हिरवे आणि राखाडी, रंग न देताही खेळता येतात. पण हात शिवशिवतातच. शहरी मंडळींचे व्हिडिओ बघून खान्देशात रंगवायला बसू नका. त्यांची हवा वेगळी, आपली वेगळी. दुपारी गच्चीवर स्प्रेने प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, मारला तर रंगाचे थेंब सैनिकापर्यंत पोहोचायच्या आधीच हवेत सुकतात आणि अंगावर रवाळ भुकटी बसते. त्यामुळे पहाटे मारायचा, सावलीत, डबा जवळ धरून, हलक्या हाताने. दुसरी गोष्ट, मऊ प्लास्टिकचे सैनिक असतील तर काही स्प्रे त्यांच्यावर कधीच नीट वाळत नाहीत, बोटाला चिकटत राहतात. आधी एका सैनिकावर मारून दोन दिवस वाट बघावी. मी तर हल्ली ब्रशनेच प्रायमर लावतो. त्याआधी भांड्याच्या साबणाने सगळी फौज धुवायची, साच्यातून निघताना राहिलेला तेलकटपणा गेला नाही तर रंग पुढे सोलून निघतो.

अ‍ॅक्रिलिक रंग पॅलेटवर बघता बघता वाळतो. त्यावर उपाय म्हणजे मिठाईच्या प्लास्टिकच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, आणि रंग त्या कागदावर. झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही ओला. मूळ रंग दिल्यावर काळपट तपकिरी रंग भरपूर पाण्यात कालवून वरून सोडायचा. तो घड्यांमध्ये उतरतो, चेहरा आणि गणवेशाच्या सुरकुत्या उठून दिसतात. एका खोक्यातले सैनिक वाकड्या बंदुका घेऊनच आले होते. त्यांना कढत पाण्यात बुडवायचं, बोटाने सरळ करायचं आणि लगेच माठातल्या पाण्यात टाकायचं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणीच पुरेल असं कोणालाही वाटेल. नाही पुरत, आम्ही बघितलंय.

नॉर्मंडी, आर्देन्स अशा युरोपातल्या लढाया खेळून झाल्यावर काकांनीच विषय काढला, आपल्याकडे काय लढाया झाल्या नाहीत का? त्यातून थाळनेर आलं. शिरपूर तालुक्यातलं तापीकाठचं थाळनेर, फारुकी राजांची जुनी राजधानी. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, पुढच्या महिन्यात मंदसोरच्या तहात सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख त्यांनी इंग्रजांना दिला. थाळनेरच्या किल्लेदाराने मात्र किल्ला सोडला नाही. २७ फेब्रुवारी १८१८ ला सर टॉमस हिस्लॉपची फौज थाळनेरसमोर उभी राहिली. तोफा चालल्या, बोलणी सुरू झाली, काही इंग्रज अधिकारी आत शिरले, दरवाज्यात गैरसमजातून कापाकापी झाली. मग आतली अरब शिबंदी मारली गेली आणि किल्लेदाराला फाशी दिलं गेलं. या फाशीवरून हिस्लॉपवर इंग्लंडातही टीका झाली.

मेमॉयरचा पट यासाठी बरा बसतो. किल्ल्याची एक बाजू तापीला लागून आहे, आणि नदीच्या षटकोनातून सैन्य जात नाही हा नियम खेळात आधीच आहे. रणगाडे बाजूला ठेवले, तोफा तोफाच राहिल्या. शिबंदीसाठी दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे आणून बघितले, पण चार मावळे एका षटकोनात उभेच राहीनात. शेवटी राखाडी सैनिकांना भाचीने पांढरे मुंडासे रंगवून दिले.

अडलं ते दरवाज्यात. तिथे जे झालं ते पायदळाने किंवा तोफेने झालेलं नाही, गोंधळाने झालं, आणि गोंधळाचं बाहुलं कोणत्याच खोक्यात मिळत नाही. भाचीने त्यासाठी पत्ते केले. इंग्रजांची तुकडी दरवाज्याला भिडली की शिबंदीवाल्याने एक पत्ता पालथा ठेवायचा, आणि इंग्रजाने तो न बघता आत शिरायचं की थांबायचं ते ठरवायचं. काकांचं म्हणणं, ज्यांचा शेवट ठरलेला आहे त्यांना जिंकायची सोय हवी, म्हणून शिबंदी किती फेऱ्या टिकली यावर गुण. अमळनेरवाल्याला हे मान्य आहे, डाळ मिलवाल्याला नाही. सध्या वाद दरवाजे किती ठेवायचे यावर आहे. एकामागोमाग पाच ठेवले तर इंग्रजांच्या तोफांना उभं राहायला पट उरत नाही, आणि दोन ठेवले तर डाव पहिल्या चहाच्या आत संपतो.